कठड्याचा निकाल

आमच्या घरातल्या जिन्याचा कठडा सैल झाला, यात माझा काही दोष नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यानंतर जे जे झालं त्यात माझा दोष कुठे कुठे होता याची यादी आमच्या घरात तोंडपाठ आहे आणि ती पाहुण्यांनाही ऐकवली जाते. लाकूड आहे, कधीतरी वाळणारच. वयाप्रमाणे मीही थोडा वाळलोय, पण मला कोणी स्क्रू मारायला आलेलं नाही.

झालं असं, की एका सकाळी बाबा वरच्या खोलीतून खाली येत होते. शेवटच्या तीन पायऱ्या उरलेल्या असताना हातातला कठडा बाहेरच्या अंगाला झुकला. बाबा तिसऱ्या पायरीवर मटकन बसले आणि बसल्या बसल्याच म्हणाले, "काही नाही. जरा बसलोय." त्यांना लागलं नव्हतं. पण त्यांचं वय एक्याऐंशी. संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या मी जाहीर केलं, की कठडा पक्का होईपर्यंत बाबांनी वर जायचं नाही. बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायचं.

"आणि पक्का झाल्यावर?" बाबांनी विचारलं.

"झाल्यावर लगेच वर. शब्द देतो."

हिने माझ्याकडे बघितलं. मी शब्द देतो आणि पाळायची वेळ आली की तिला हाक मारतो, असा बायकोचा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

बाबांना वर जायची घाई का होती, ते सांगतो. बाबा शाळेत सुतारकाम शिकवायचे. तेहतीस वर्षं. वरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल आहे, टेबलाला लाकूड पकडायचा शिकंजा आहे, आणि भिंतीवर करवत, रंधा, पटाश्या आपापल्या खिळ्याला टांगलेल्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून ही त्यांना चहाचा कप अर्धाच भरून देते आणि अर्धा झाला की परत अर्धा. त्या चार वर्षांत त्यांनी एकाही हत्याराने काम केलं नाही, पण रोज सकाळी सगळी उतरवून पुसायचे आणि परत लावायचे. आता खाली दिवाणावरून ती हत्यारं दिसत नव्हती. दिसायचा तो फक्त जिना. बाबा दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसायचे.

पहिल्याच संध्याकाळी ते कठड्याकडे बघत म्हणाले, "त्यात मेख आहे."

मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मेख दिसते. मला सुरुवात तरी करू द्या."

ते गप्प बसले. वर्गात ते कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला बाकावर उभं करत. आमच्या घरात बाक नाही, एवढाच काय तो फरक.

आता तुम्ही म्हणाल, घरात सुतारकामाचे मास्तर असताना तुम्ही त्यांनाच का नाही विचारलंत? याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे सातवीत मी एक तीन पायांचं स्टूल केलं होतं. त्याला शंभरपैकी चौतीस मिळाले. पास व्हायला पस्तीस लागतात. परीक्षक आमचे बाबा. सगळी मुलं, अगदी ज्याच्या पेटीचं झाकण उघडायचंच नाही तोसुद्धा, काठावर का होईना पास झाली. सुतारकामात नापास झालेला शाळेतला एकमेव मुलगा म्हणजे सुतारमास्तरांचा. चाळीस वर्षं झाली, पण मी घरात हातोडी उचलली की कोणीतरी "चौतीस" म्हणतंच. लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट लपवून ठेवण्यात आली होती.

दुसरं कारण सांगायला मला जड जातं. तो कठडा बाबांनी स्वतः केला होता. घर बांधलं त्या सुट्टीत, दोन महिने खपून. "तुम्ही केलेला कठडा हलतोय" हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? आणि म्हटलं, आणि ते उठून पटाशी घेऊन बसले, आणि त्यांच्या हातातून ती पटाशी पडली, तर मी कुठे बघायचं? त्यापेक्षा आपणच गुपचूप करून टाकावं असं मी ठरवलं. गुपचूप हा शब्द त्यानंतर फार दिवस टिकला नाही.

रविवारी मी सहा लांब स्क्रू आणले. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवेत?" मी म्हणालो, "कठड्याला." तो माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "मग आठ न्या." तिथेच मला कळायला हवं होतं. खालच्या खांबाच्या बुडाशी पहिला स्क्रू गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याला कडकन आवाज होऊन खांबाला वीतभर चीर पडली. दिवाणावर बाबांनी डोळे मिटून घेतले. आधी कठडा फक्त आत-बाहेर हलायचा. आता पुढे-मागेही हलायला लागला.

"झालं का?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काम प्रगतिपथावर आहे," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघतं. मी तक्रार निवारण विभागात वरिष्ठ लिपिक आहे. आलेल्या प्रत्येक तक्रारीला पंधरा दिवसांच्या आत "आपली तक्रार विचाराधीन आहे" असं उत्तर पाठवणं हे माझं काम. आजवर माझं एकही उत्तर उशिरा गेलेलं नाही. तक्रारींचं पुढे काय होतं हा दुसऱ्या विभागाचा विषय आहे.

ठोकाठोक ऐकून शेजारचे धरणसाहेब आले. त्यांचं आणि आमचं घर एकमेकांना चिकटून आहे, मधली भिंत एकच. त्यांनी नोकरीत असताना एक धरण बांधलं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते, ही पाण्याचा दाब सहन करेल का, अशा नजरेने बघतात. त्यांनी कठडा हलवला, चष्मा पुसला, परत हलवला.

"दुखणं वरवरचं नाही," ते म्हणाले. "मूळ पायात आहे."

"बाबाही म्हणतात, त्यात मेख आहे म्हणून."

"असणारच! मेख नाही असं काम मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. मास्तर अनुभवाचं बोलतायत."

बाबांनी तोंड उघडलं, आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि मिटलं.

धरणसाहेबांच्या मते खांबाला लोखंडी पट्टीने भिंतीला जखडणं हा एकच उपाय होता. भिंतीत चार बोटं खोल भोक, त्यात बोल्ट. मला पटलं. लगेच ते म्हणाले, "पण भिंत सामायिक आहे. त्यासाठी तुम्हाला माझी ना-हरकत लागेल."

"मग द्या ना."

"अशी कशी देणार? सल्ला मी शेजारी म्हणून दिला. ना-हरकत घरमालक म्हणून द्यायची आहे. त्या नात्याने मला या सल्ल्यावर विचार करावा लागेल."

विचार करून त्यांनी मला वसाहतीच्या संघाकडे अर्ज करायला सांगितलं. संघाच्या सेक्रेटरीबाई अतिशय सज्जन आहेत आणि त्यांच्याकडे नियमांची वही आहे. मी अर्जात लिहिलं, "कठडा दुरुस्त करणेबाबत." चार दिवसांनी अर्ज परत आला. नियमाप्रमाणे कठडा म्हणजे गॅलरीचा कठडा, तो घराच्या दर्शनी भागात येतो, त्यामुळे रस्त्यावरून काढलेला कठड्याचा फोटो जोडावा. मी बाईंना समजावलं, की आमचा कठडा घराच्या पोटात आहे, रस्त्यावरून दिसायचा तर आधी समोरची भिंत पाडावी लागेल.

"भिंत पाडायचा अर्ज निराळा," बाई म्हणाल्या. मग त्यांना माझी दया आली. "तुम्ही असं करा, कठडा हा शब्दच काढून टाका. 'जिन्याचा आधार' लिहा."

मी तसं लिहिलं. पण आधार म्हटल्यावर घराच्या मजबुतीचा प्रश्न आला, म्हणून अर्ज तांत्रिक समितीकडे गेला. तांत्रिक समितीत एकच सभासद आहेत. ते म्हणजे धरणसाहेब. त्यांनी माझ्याच घरी येऊन, आमचाच चहा पिऊन, कठडा परत एकदा हलवून पाहिला आणि शेरा मारला: "लोखंडी पट्टीचा प्रस्ताव कोणी दिला? पुरेसा अभ्यास दिसत नाही."

नोकरीत मी लोकांना असले शेरे पाठवतो. ते घरी टपालाने आल्यावर कसे लागतात, हे मला त्या दिवशी समजलं. मी बराच वेळ तो कागद हातात धरून जिन्यावर बसलो होतो. माझ्या वजनाने कठडा हळूहळू डावीकडे गेला.

अशात एकोणीस दिवस झाले. विसाव्या दिवशी मी ऑफिसला निघालो तेव्हा बाबांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. ऑफिसात जाऊन उघडला. वर लिहिलं होतं: "प्रति, तक्रार निवारण. विषय: स्वतःच्या खोलीत परत जाण्याबाबत. महोदय, मी गेले एकोणीस दिवस बाहेरच्या खोलीत आहे. येथे माझी काहीच गैरसोय नाही. सूनबाई फार करते. परंतु माझी हत्यारे वर आहेत व ती पुसली गेलेली नाहीत. तरी आपण दिलेल्या शब्दाचे काय झाले ते कळावे. आपला विश्वासू, वडील." अक्षर थरथरत होतं, पण डावीकडे समास सोडलेला होता आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आता मी जे केलं ते कबूल करायलाच हवं. टेबलावर त्या दिवशी साठेक अर्ज होते. हात सवयीने चालत होता. संध्याकाळी मी घरी आलो आणि बाबांना त्यांच्या कागदाचं उत्तर दिलं. त्यावर माझी सही होती, शिक्का होता, आणि लिहिलं होतं: "आपला अर्ज विचाराधीन आहे."

बाबांनी तो कागद वाचला, नीट चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच: "तुम्ही माणूस आहात की टपालखातं?"

त्यानंतर मी फार धावपळ केली. समितीच्या पाया पडलो, म्हणजे धरणसाहेबांच्या. त्यांनी घरमालक म्हणून ना-हरकत दिली, समिती म्हणून मंजुरी दिली आणि शेजारी म्हणून शुभेच्छा दिल्या. संघाच्या नियमाप्रमाणे भोक पाडायला कामाच्या दिवशी अकरा ते एक एवढीच वेळ होती, म्हणून मी रजा टाकली. वेल्डिंगवाला आला. त्याने पट्टी खांबाला लावली, भिंतीवर खूण केली आणि यंत्र चालू केलं.

"चारच बोटं हं," मी म्हणालो.

"काळजी करू नका, साहेब," तो म्हणाला, आणि तेवढ्यात यंत्र एकदम सैल आत गेलं. पलीकडून आधी काच फुटल्याचा आवाज आला आणि मग धरणसाहेबांचा: "धरण पडलं! अहो, माझं धरण पडलं!"

त्यांच्या दिवाणखान्यात त्याच भिंतीवर त्यांच्या धरणाचा मोठा फोटो होता. मी धावत गेलो. बरोबर पाण्याच्या पातळीला भोक पडलं होतं. धरणसाहेब खुर्चीत बसून होते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "आजवर त्याला थेंबभर गळती नव्हती." मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून काचा उचलल्या.

पट्टी लागली. पण कठडा हललाच. आता फक्त हलताना लोखंडाचा आवाजही यायला लागला. हिने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली आणि कठडा दुसऱ्या बाजूने खिडकीच्या गजाला बांधून टाकला. त्या दोरीला सवयीप्रमाणे दोन मोजे लटकवले. बाबांनी दोन महिने खपून केलेला कठडा असा मोजे घालून उभा होता, आणि बाबा समोर बसून तो बघत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी, सुट्टी होती, मी हत्यारांचा डबा परत ठेवायला जिन्याखाली शिरलो. तिथे आम्ही जुन्या बादल्या, रद्दी आणि न चालणारा पंखा ठेवतो. जागा एवढी कमी, की आडवं व्हावं लागतं. मी पाठीवर पडून डबा सरकवत होतो, तर टपकन काहीतरी नाकावर पडलं. बोटाएवढं लाकूड होतं. एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळतं, वाळून कडक झालेलं. वर बघितलं. कठड्याचा खांब पायरीतून आरपार खाली आला होता, त्याच्या टोकाला आडवं भोक होतं, आणि भोक रिकामं होतं. माझे स्क्रू त्याच्या आसपासही पोचलेले नव्हते.

मी तसाच सरपटत बाहेर आलो. केसांत जळमटं, हातात ते लाकूड. बाबांच्या समोर धरलं.

"बाबा, हे काय आहे?"

"मेख," बाबा म्हणाले.

मी ते लाकूड उलटसुलट करून बघितलं.

"सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी. त्यात मेख आहे."

"अहो, मला वाटलं तुम्ही तसं म्हणताय. म्हणजे, म्हणतात ना, यात काहीतरी मेख आहे..."

"मी आयुष्यभर कामाचं बोललो," बाबा म्हणाले. "अलंकार भाषेचे सर शिकवायचे."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती एवढी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. मला हसू येईना. मी विचारलं, "पण मग इतकी वर्षं कसा नाही हलला?"

"लाकूड वाळतं, मेख सैल होते. खाली शिरायचं, दोन ठोके मारायचे, परत घट्ट. दर वर्षी तू ऑफिसला गेलास की मी मारायचो." मग थोडं थांबून म्हणाले, "आता वाकता येत नाही."

मी खाली मान घातली. त्या घरात मी जन्म काढला आणि त्या कठड्याला धरून हजारदा वर-खाली केलं. तो आपोआप घट्ट राहतो अशी माझी समजूत होती.

"बाबा," मी म्हणालो, "मला नवी मेख करायला शिकवा."

त्यांनी चष्मा लावला. "वरून पटाशी आण. डावीकडून दुसरी. आणि टेबलाखाली लाकडाचे तुकडे आहेत, त्यातला सरळ रेघांचा."

"तुम्हीही चला ना वर, टेबलावरच करू."

"कठडा पक्का झाल्याशिवाय वर जायचं नाही असा नियम आहे," बाबा म्हणाले. "नियम तू केलास."

तेव्हा वर्ग पहिल्या पायरीवर भरला. मी खाली, बाबा दिवाणावर. पहिली मेख मी इतकी तासली की तिचा दात कोरायला उपयोग झाला असता. दुसरी ठोकताना फुटली. बाबा रागावले नाहीत, "आडवी धार लावतोस, उभी लाव," एवढंच म्हणाले. तिसरीला ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हात हलतोय तुझा."

"तुमचा हलतोय, बाबा. माझ्या हातावर ठेवलाय ना."

"मग दोघांचा हलू दे. तू लाकडाकडे बघ."

मी लाकडाकडे बघितलं. बाकी काही बघायची माझी हिंमत नव्हती. लाकडाची एक लांब, पातळ साल निघाली आणि जमिनीवर पडली. बाबांनी हात काढून घेतला, पण मला तो बराच वेळ जाणवत होता.

मी चिरेत गोंद भरला, मोजे काढले, दोरी सोडली. खाली शिरलो, मेख भोकात घातली आणि दोन ठोके मारले. लोखंडी पट्टी मात्र अजून भिंतीला आहे. ती काढायलाही समितीची मंजुरी लागते आणि समिती सध्या दुसऱ्या फोटोची वाट बघते आहे. ही तिला पिशव्या अडकवते.

बाबा उठले. त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि जोर देऊन हलवला. मग दोन्ही हातांनी हलवला. थरथर त्यांच्या हातात होती, कठड्यात नव्हती. मग ते एकेक पायरी वर चढायला लागले. मी मागे, दोन्ही हात पुढे करून. "मागे सर," ते न वळता म्हणाले, "कठडा आहे मला."

खोलीत जाऊन त्यांनी आधी करवत उतरवली, फुंकर मारली आणि परत लावली. मग खुर्चीत बसले, सदऱ्याच्या खिशातून ती चौघडी काढली, माझं उत्तर, विचाराधीनचं. ते उलटं करून टेबलावर ठेवलं आणि कानावरची पेन्सिल घेऊन सावकाश लिहिलं. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, ३४ + १.

"हा एक आजचा?" मी विचारलं.

"तेव्हाचाच आहे," बाबा म्हणाले. "तुझं स्टूल पस्तीसचं होतं. पण म्हटलं, लोक म्हणतील मास्तरांनी पोराला काठावर पास केलं. भ्यालो. एक काढून घेतला." ते खिडकीकडे बघत होते. "नको होता काढायला."

मी भलतंच विचारलं. "आणि आजचे किती?"

"आजचं तपासायचंय अजून. दोन उन्हाळे जाऊ दे."

मी तो कागद मागितला. त्यांनी दिला. कठडा धरून खाली आलो तर ही चहाचा कप अर्धा भरून जिन्याशीच उभी होती.

"एवढा वेळ? काय म्हणाले?"

"सातवी पास झालो," मी म्हणालो.